माझी सासू आणि समुद्रापलीकडचा राजा

माझ्या सासूला उभ्या जन्मात कुणी घाबरवू शकलं नाही. गारपिटीला ते जमलं नाही, मिशनच्या पाद्र्याला जमलं नाही, आणि आमच्या खोऱ्याचा मोरेना, म्हणजे सरदार, पोत्लाकी याने तर एकदा अगदी मनापासून प्रयत्न करून पाहिला. त्या प्रयत्नाचं काय झालं, तेच सांगायला बसले आहे.

तिचं नाव माफाकिसो. फाकिसोची आई म्हणून माफाकिसो. फाकिसो म्हणजे माझा नवरा. मी मालिनेओ. हे नाव सासूनेच मला लग्नाच्या दिवशी दिलं, आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली तेव्हा नाव वाया जाऊ नये म्हणून तिला लिनेओ म्हणायला लागलो. आमच्याकडे बाई आधी आई होते आणि मूल मग सवडीने येतं.

सासू बुटकी होती, रुंद होती, आणि जमिनीशी भांडण असल्यासारखी पाय आपटत चालायची. तपकीर ओढायची. ज्वारीची जोआला अशी गाळायची की भांडायला आलेला माणूस दोन वाडगे पिऊन नाचत घरी जातो असं लोक म्हणत. म्हणणारे सगळे फुकट पिणारेच होते, तरी त्यात तथ्य होतं. कोंबड्यांना ती नावं ठेवायची, म्हणजे खरोखरीच नावं, आणि ती सगळी नावं पोत्लाकीच्या बायकांची असायची. एखादी कोंबडी अंडं द्यायची थांबली की आमच्या अंगणातून जे काही ऐकू जाई त्याने सरदाराच्या वाड्यावर वर्षातून एकदा तरी रुसवाफुगवा होई.

राजा मात्र तिच्या थट्टेत कधी आला नाही. पोत्लाकी नव्हे, खरा राजा, समुद्रापलीकडचा. त्याला आमच्या डोंगरात कुणी पाहिलेलं नव्हतं. तो नाण्यावर होता, दुकानाच्या भिंतीवर होता, आणि घरपट्टीच्या पावतीवर तर न चुकता होता. आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं असायचं, की गोरे शेतकरी आमची जमीन गिळत गिळत डोंगरापर्यंत आले, तेव्हा आमच्या पहिल्या मोठ्या राजाने समुद्रापलीकडच्या राणीला निरोप धाडला, आम्हाला तुझ्या घोंगडीखाली घे. राणीने घेतलं. तेव्हापासून आम्ही त्या घोंगडीखाली आहोत. आता, अंगावरची घोंगडी आम्ही दुकानातून रोख मोजून आणतो आणि ती विलायतेच्या गिरणीतून येते, तेव्हा राणीने नेमकं काय दिलं असा प्रश्न मला पडायचा. सासूला विचारलं तर ती म्हणायची, "जमीन आहे ना पायाखाली? मग गप्प बस."

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. एखाद्याला कामगिरीवर पाठवलं, हरवलेली गुरं हुडकायला म्हणा, लढाईला म्हणा, आणि तो तिकडेच मेला, तर ज्याने पाठवलं त्याने स्वतःच्या पायांनी मेलेल्याच्या आईच्या अंगणात यायचं. जमिनीवर बसायचं. आपल्या तोंडाने सांगायचं. दुसऱ्याला पाठवलेलं चालत नाही. तो येऊन सांगेपर्यंत त्या घरात मरण झालं असं धरत नाहीत. रडायचं नाही, बैल कापायचा नाही, बायकोने काळं कापड घालायचं नाही.

विलायतेची मोठी लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली तेव्हा पोत्लाकीने पित्सो बोलावली. पित्सो म्हणजे सगळ्या गावाची बैठक. तिथे सरदार बोलतो आणि मग ज्याला वाटेल तो उठून बोलतो, आणि पित्सोत बोलल्याबद्दल कुणाला शिक्षा होत नाही. पोत्लाकी म्हणाला, "राजा तुमचा बाप आहे. बापाच्या घराला आग लागलीय. बाप हाक मारतोय." वीस पोरं हवी होती. एकोणीस उठली, काही हौसेने, काही लढाई परवडली पण शेत नको म्हणून. विसावा कुणी उठेना. पोत्लाकीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "फाकिसो."

मी मागे बायकांत उभी होते, लिनेओला पाठीशी बांधून. फाकिसोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठला. त्याला नाही म्हणता यायचं नाही, हा त्याचा एकच दोष होता आणि तो मला लग्नाआधी गुण वाटला होता.

पित्सो मोडल्यावर सासू पाय आपटत थेट पोत्लाकीसमोर जाऊन उभी राहिली.

"मोरेना, माझ्या पोराला कोण पाठवतंय?"

"राजा पाठवतोय, माफाकिसो. मी कोण? मी नुसतं राजाचं तोंड."

"म्हणजे तुम्ही नाही?"

"मी नाही. राजा."

"बरं," सासू म्हणाली. "लक्षात ठेवते."

दोन वर्षांनी, हिवाळ्याच्या सुरुवातीला, पत्र आलं. वर मुकुटाचं चित्र होतं. शाळेचे मास्तर सेखोन्याना यांनी ते आमच्या अंगणात उभं राहून वाचलं; न्ताते, म्हणजे बाबा, म्हणतो आम्ही त्यांना. बोट बुडाली होती. आमच्या मुलखातली शेकडो पोरं एकाच वेळी पाण्यात गेली होती, आणि त्यात फाकिसो होता. मी खाली बसले.

सासू म्हणाली, "कुणी लिहिलंय?"

"सरकारी कचेरीने, म्मे." म्मे म्हणजे आई; मोठ्या बाईला आम्ही असंच म्हणतो.

"कचेरीने पाठवला होता का माझा पोरगा?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही, म्मे. राजाने."

"मग राजाने येऊन सांगावं." तिने त्यांच्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली आणि मिठाच्या डब्यात टाकलं. "न्ताते, मक्याच्या पिठाचा पापा शिजलाय. जेवून जा."

त्या दिवशी मी रडले नाही. रडायचं नव्हतं. तोंडात घोंगडीचं टोक कोंबून भाकड गाईसारखी गोठ्याशी उभी राहिले, आणि तेही सासूने पाहिलं तेव्हा म्हणाली, "कुणी मेल्याचं सांगितलंय का तुला? चल, शेण आण."

शेण हवं होतं भिंती सारवायला. मरण झालेल्या घराच्या भिंती त्या वर्षी रंगवत नाहीत. सासूने चार वर्षं त्या रंगवल्या. लाल मातीचे पट्टे, त्यांत बोटांनी ओढलेल्या रेघा, दारावर पांढरी फुलं. साऱ्या गावाने बघावं, इथे कुणी मेलेलं नाही. मी तिच्याबरोबर रेघा ओढायचे आणि आतल्या आत जळायचे. मी ना बायको होते ना विधवा. माझा भाऊ एकदा मला न्यायला आला, तर मला काय म्हणून नेतोय हे त्याला सांगता येईना, आणि तो जोआला पिऊन परत गेला.

गावाला वाटायचं म्हातारीचं डोकं फिरलं. मलाही वाटायचं. एकदा दोघी ज्वारी दळत होतो तेव्हा मी धीर करून विचारलं, "म्मे, तुम्हाला खरंच वाटतं का तो जिवंत आहे?"

तिने दळण थांबवलं नाही. "मी कुठं म्हटलं जिवंत आहे? मी एवढंच म्हणते, की मला कुणी सांगितलेलं नाही."

तेव्हा मला कळलं की तिचं डोकं माझ्यापेक्षा आणि गावापेक्षा ठिकाणावर आहे. कुणीतरी तिचं देणं लागत होतं, आणि ते घेतल्याशिवाय ती पोराला मातीत घालणार नव्हती. त्या दिवसापासून मी तिच्यावर चिडणं सोडलं. सोडलं म्हणजे कमी केलं.

आणि मग सत्तेचाळीस साली दवंडी आली. समुद्रापलीकडचा राजा बोटीतून येणार, आमच्या राजधानीला, मासेरूला येणार, आम्हा बासोथोंनी सगळ्यांनी घोड्यावर बसून यायचं, राजा पित्सो घेणार.

सासू अंगणात बसून मक्याचे दाणे सोलत होती. तिने कणीस खाली ठेवलं. "बघ," ती मला म्हणाली. "म्हटलं नव्हतं? उशीर केला, पण आला बिचारा."

मासेरूला पोचायला आमच्या डोंगरातून तीन दिवस लागतात. लिनेओला मास्तरीणबाईंकडे ठेवलं आणि दोन तट्टांवर आम्ही दोघी निघालो. सासूने नवी घोंगडी घेतली होती, पट्टे उभे येतील अशी नीट पांघरलेली, कारण आडवे पट्टे आले की माणसाची वाढ खुंटते म्हणतात. साठीच्या बाईची कसली वाढ खुंटायची ते मी विचारलं नाही. वाटभर ती राजाला काय बोलायचं त्याची तालीम करत होती, आणि राजाचं काम तिच्या तट्टाला करावं लागत होतं.

"राजा," ती तट्टाच्या कानाशी म्हणायची, "मी फाकिसोची आई. तू त्याला हाक मारलीस. तो आला. आता तू सांग." मग मला विचारायची, "तू म्हणू की तुम्ही?"

"तुम्ही म्हणा, म्मे. राजा आहे."

"माझ्या पोराच्या वयाचा असेल."

"तरीही."

ही तालीम खोऱ्यातल्या सगळ्यांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामावर पोत्लाकी घोडा चालवत आमच्या चुलीशी आला. अंगावर सर्वांत महागडी घोंगडी, डोक्यावर विलायती टोपी.

"माफाकिसो, ऐकतोय की तुम्ही राजाशी बोलणार आहात."

"बरोबर ऐकलंत, मोरेना."

"तिथे असं बोलता येत नाही."

"का बरं? तुम्हीच दवंडी पिटलीत ना, राजा पित्सो घेणार?"

"हो, पण..."

"पित्सो आहे की नाही?"

आसपासच्या चुलींवरची माणसं वळून बघायला लागली. पित्सो नाही म्हणावं, तर आपला राजा आपलं ऐकूनच घेत नाही असं सरदाराच्या तोंडून निघालं असतं. पोत्लाकीने लगाम या हातातून त्या हातात घेतला.

"पित्सोच आहे," तो म्हणाला.

"मग झालं तर. पित्सोत बोलणाऱ्याला कुणी अडवत नाही. तुमच्या आजोबांना माझ्या आजोबांनी भर पित्सोत आळशी म्हटलं होतं. काय केलं होतं त्यांनी?"

"काय केलं?" अंधुक उजेडातून कुणीतरी मुद्दाम विचारलं.

"दुसऱ्या दिवशी लवकर उठले."

माणसं इतकी हसली की पोत्लाकीचा घोडा दोन पावलं मागे सरला. पोत्लाकीही हसला, कारण न हसून चाललं नसतं.

मासेरूला मी एवढी माणसं पाहिली, की देवाने एवढ्या घोंगड्यांसाठी मेंढ्या कुठून आणल्या असतील असं मनात आलं. सगळा उतार घोड्यांनी आणि माणसांनी भरला होता. पुढे दोर बांधले होते, दोरापलीकडे घोड्यावरचे पोलीस, त्यांच्यापलीकडे मोकळं मैदान, आणि त्याच्याही पलीकडे एक मांडव. मांडवात राजा होता. म्हणजे बोटाच्या पेराएवढा एक माणूस होता आणि लोक म्हणाले तो राजा. सासू कोपरं मारत, "सर रे, सर, माझं काम आहे" करत अगदी दोरापर्यंत पोचली, आणि मी तिची घोंगडी धरून मागोमाग.

भोंग्यांतून आवाज आला, मग दुभाष्याचा आला. अर्धं वाऱ्याने नेलं. उरलेल्या अर्ध्यात आमच्या शिपायांबद्दल चांगलं काही होतं, एवढं मला कळलं. मग सगळ्या उताराने "पुला! पुला!" अशी आरोळी ठोकली. पाऊस पडो, असा तो आमचा जयजयकार. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. सासूही ओरडली. मग तिने घोंगडी सारखी केली, दोर धरला आणि उभी राहिली.

आता लोक बोलणार. पित्सोत सरदाराचं झालं की लोक बोलतात. ती वाट बघत राहिली. समोर बँड वाजला. गाड्या पुढे आल्या. मांडवातली माणसं हलायला लागली.

"मी बोलते!" सासू हात वर करून ओरडली. "मी बोलते! सेमोंकोंगकडची माफाकिसो!"

"बोलू दे म्हातारीला!" मागून चार जण ओरडले.

एक पोलीस घोडा वळवून आला. आमच्यातलाच पोरगा होता, तिशीचा असेल. "म्मे, बसा खाली. आता कुणी बोलणार नाही."

"पित्सो संपली?"

"संपली."

"लोक बोललेच नाहीत आणि संपली?"

त्याने टोपीच्या पट्ट्याखाली हनुवटी खाजवली. "ही तशी पित्सो नव्हे, म्मे."

गाड्या निघाल्या. दूरवर धूळ उठली. ती धूळ बसेपर्यंत सासू बघत राहिली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तो रागावलेला नव्हता. तो विचारात पडलेला होता.

"पोरा," ती पोलिसाला म्हणाली, "राजाला माझ्या मुलाचं नाव ठाऊक असेल का? फाकिसो. डाव्या भुवईवर घोड्याने लाथ मारल्याचा वण आहे. बोटीवर होता."

बोट म्हटल्यावर तो पोलीस घोड्यावरून खाली उतरला. टोपी काढली. "म्मे, मीही होतो लढाईत. मिसरच्या वाळवंटात. तिथे राजाची माणसं इतक्या देशांची होती, की मोजता येऊ नयेत. आमच्या शेजारी हिंदुस्थानातले होते, त्यांना आमचा देश कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि आम्हाला त्यांचा. राजाला देशांची नावं पाठ करतानाच दिवस पुरत नसेल. फाकिसो कुठून ठाऊक असणार?"

"तुझं नाव ठाऊक होतं त्याला?"

"नाही, म्मे."

"मग तू कसा गेलास?"

"आमच्या सरदाराने माझं नाव घेतलं. म्हणून गेलो."

सासू तिथेच गवतावर बसली. तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली, दोनदा शिंकली.

"मालिनेओ, त्या दिवशी फाकिसोचं नाव कुणी घेतलं गं?"

"मोरेना पोत्लाकीने."

"हं," ती म्हणाली. "ज्याला नावच माहीत नाही तो हाक कशी मारेल? उगाच त्या परक्या पोराला चार वर्षं बोल लावला."

मग तिने आठ तळलेले गोड गोळे विकत घेतले, पाच स्वतः खाल्ले, दोन मला दिले आणि एक पोलिसाला. परतीच्या वाटेवर तिने तट्टाशी एक शब्द काढला नाही. रात्री गाढ झोपली. मी मात्र जागी होते, कारण शांत बसलेली माझी सासू म्हणजे काय ते मला माहीत होतं.

गावी पोचल्यावर पोत्लाकीने पित्सो बोलावली, राजाची भेट कशी झाली ते सांगायला. सांगण्यात राजा त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होता. ऐकणाऱ्यांत निम्मे तिथे जाऊन आलेले होते, पण सरदाराच्या थापेला कुणी थाप म्हणत नाही. त्याचं झालं आणि माझी सासू उभी राहिली.

"बायका पित्सोत बोलत नाहीत," पोत्लाकी म्हणाला.

"मात्सिएंगला आपल्या साऱ्या मुलखाच्या गादीवर सध्या कोण बसलंय, मोरेना? बाई की बाप्या? त्या बोलत नाहीत का?"

कुणीतरी खोकलं.

"मोरेना," सासू म्हणाली, "मी राजाला बघून आले. त्याला फाकिसो ठाऊक नाही. आपलं खोरं ठाऊक नाही. तुम्ही म्हणालात, मी राजाचं तोंड. राजाला आपलं तोंड काय बोललं तेच माहीत नसेल, तर ते तोंड त्याचं कसं? इथे उभं राहून फाकिसोचं नाव तुम्ही घेतलंत. पाठवलंत तुम्ही. रीत तुम्हाला ठाऊक आहे. माझं अंगण तुम्हाला ठाऊक आहे." आणि ती खाली बसली.

पोत्लाकी उठून गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा कारभारी आमच्या दारात आला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, की मोरेना म्हणतात नदीकाठच्या तुमच्या शेताचं यंदा फेरवाटप करावं लागेल बहुतेक. आमच्यात जमीन सरदार देतो आणि सरदारच काढून घेऊ शकतो. ते शेत गेलं असतं तर आम्ही खलास होतो.

त्या दिवशी मी सासूशी आयुष्यातलं सर्वांत मोठं भांडण केलं. "लिनेओच्या ताटात काय वाढू? तुमची रीत वाढू?" असंही म्हणाले.

"शेत गेलं तर मी जोआला विकेन," ती म्हणाली. "पण पोराचं मरण मी कुणाला फुकट देणार नाही. आणि तू एवढी ओरडतेस, तुझाही तो कुणी लागत होता ना?"

लागत होता. लागत होता असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

पण शेत गेलं नाही. त्याचं कारण गावातल्या बायका. ज्वारी काढायच्या दिवसांत सरदाराच्या शेतावर सगळ्या गावाने एक दिवस फुकट राबायचं असतं, सरदाराने जोआला पाजायची असते, गाणी होतात, मजा असते. त्या वर्षी पोत्लाकीने दवंडी पिटली, पहाटे पिपं भरून ठेवली, आणि शेताच्या बांधावर येऊन उभा राहिला. कुणी आलं नाही. एकीचं पोर आजारी होतं, एकीची गाय व्यायली होती, मास्तरीणबाईंच्या पायात काटा गेला होता. बायका गेल्या नाहीत, आणि बायका गेल्या नाहीत म्हणून बाप्ये गेले नाहीत. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला अजून माहीत नाही. आम्हाला तर कुणी विचारलंही नव्हतं. चार दिवस सरदाराच्या ज्वारीवर पाखरांची चंगळ चालली. सरदार हा लोकांमुळे सरदार, अशी आमच्यात म्हण आहे. ती पोत्लाकीला त्या चार दिवसांत पाखरांनी शिकवली.

पाचव्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. पोत्लाकी पायी आला. घोडा नाही, कारभारी नाही, फक्त त्याचा म्हातारा काका साक्षीला. त्याने टोपी काढली. सासू दारात बसली होती, तिच्यासमोर तो मातीत बसला. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले.

"माफाकिसो," तो म्हणाला, "मी तुमच्या मुलाचं नाव घेतलं. मी त्याला पाठवला. तो पाण्यात बुडाला. तो परत येणार नाही."

रीत एवढीच होती. त्याचा काका उठायला लागला. पण पोत्लाकी उठला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

"वीस हवे होते," तो म्हणाला. "माझा थोरला तेव्हा घरातच होता. लोक बघत होते. मी त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं, आणि फाकिसो म्हणालो. राजाने मला कुठलंच नाव सांगितलं नव्हतं."

मला वाटलं आता सासू जमिनीवरचा दगड उचलणार. मी असते तर उचलला असता.

तिने विचारलं, "पाणी थंड असतं का रे तिथलं?"

सरदाराला तिने अरेतुरे केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पोत्लाकीने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"मला ठाऊक नाही, म्मे. मी समुद्र पाहिलेला नाही."

"मीही नाही," सासू म्हणाली. "ऐकलं मी, जा. ज्वारी काढून घे, बायका येतील."

तो गेला. ती दोन्ही हात जमिनीवर टेकून उठली, अंगणाच्या मधोमध आली, आणि तोंड वर करून रडायला लागली. असं रडली की ओढ्यापलीकडच्या घरांतून बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. मी झाडू टाकला आणि तिच्या गळ्यात पडले. त्या दिवशी मी विधवा झाले, आणि खोटं कशाला सांगू, चार वर्षांत एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.